भिजलेला फोन

आपला सोलापूर जिल्हा तसा दुष्काळी. पण पाणी येते तेव्हा सांगून येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला. माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी मदत मागायची तर फोन लागतो. लेकीला खुशाली कळवायची तर फोन लागतो. आणि पाण्याने आधी बिघडतो, तोही फोनच!

असे का होते? फोनच्या आत एक पातळ पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात. वीज त्या वाटेने जाते. आपल्या पाण्यात क्षार असतात. असं पाणी आत शिरलं, की वीज भलत्याच वाटेने धावते. भाग जळतात. पुढे गंज चढतो.

मग सगळेच फोन पाणी सोसणारे का करू नयेत? तसे करता येतात. फटींना रबर बसवतात, झाकण चिकटवून टाकतात. खोक्यावर 'आयपी ६७' लिहिले असेल, तर तसा फोन १ मीटर पाण्यात ३० मिनिटे ठेवून पाहिलेला असतो. पण ती परीक्षा नव्या फोनची आणि स्वच्छ पाण्याची. फोन आपटला, जुना झाला, की रबर सैल पडते. म्हणून 'पाणी सोसणारा' म्हणजे 'पाण्यात टाकावा असा' नव्हे.

याला दुसरीही बाजू आहे. चिकटवलेले झाकण सहज उघडत नाही. बॅटरी बदलायची तरी कारागीर गाठावा लागतो. खर्च वाढतो.

आम्हांला वाटते ते असे. ज्याच्या घरी चार फोन, त्याचा एक भिजला तर अडत नाही. पण ज्याचा एकच फोन, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो आणि जो भर पावसात रानात उभा असतो, त्याचे काय? म्हणून स्वस्त फोननेही निदान पावसाची सर सोसावी. आणि तो गावातल्या कारागिराला उघडता यावा. दोन्ही गोष्टी हव्यात.

तोवर आपणच जपावे. पंढरीच्या वाटेवर वारकरी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळतात, तसे करावे. फोन भिजलाच, तर लगेच बंद करावा. चार्जिंगला लावू नये. चुलीजवळ धरू नये. तांदळात पुरू नये, बारीक कण आत जातात. पुसून वाऱ्यावर ठेवावा आणि मग कारागिराला दाखवावा.

आता आमची फजिती सांगतो. एकदा वाकताना आमचा फोन खिशातून हौदात पडला. शेजाऱ्याने आपला फोन पुढे केला. पण मुलाचा नंबर आठवेना! जन्मभर पोरांकडून पाढे पाठ करून घेतले, आणि घरचा नंबर काही आमच्या पाठ नव्हता.

मंडळी, तुम्हांला आता लिहिता येते. आजच वही घ्या. घरच्यांचे, डॉक्टरांचे, सरपंचांचे नंबर शिसपेन्सिलीने लिहा. शाई पाण्याने पसरते, शिसे पसरत नाही. संकटकाळचा ११२ हा नंबरही लिहा. वही पिशवीत घालून उंच फळीवर ठेवा. फोन भिजला तरी तुमचं लिहिलेलं तुमच्या उपयोगी पडेल.