ग्रामपंचायतीने साखळी करवत कशी निवडावी?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्यालगत सरकत गुजरातकडे गेले. दोन्ही वेळी नारळी-पोफळीच्या बागा आणि आंब्याची जुनी झाडे आडवी झाली, विजेचे खांब कोसळले व रस्ते बंद पडले. अशा प्रसंगी रुग्णाला तालुक्याच्या गावी नेणारे वाहन वेशीवरच अडते आणि बाहेरची मदत पोहोचेपर्यंत रस्ता मोकळा करण्याचा भार गावावरच येतो. कुऱ्हाडीने तासन् तास घेणारे खोड साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ, काही मिनिटांत कापते. हे यंत्र गावात असावे, असा विचार ग्रामसभेत पुढे आल्यास तो स्वागतार्हच होय. प्रश्न उरतो तो निवडीचा.

मध्यम आकार का?

घरगुती वापराची लहान करवत सलग कामासाठी बनविलेली नसते. सत्तर सी.सी.च्या पुढील मोठे यंत्र दिवसभर हाती धरणे सवय नसलेल्या माणसास जड जाते. म्हणून गावाच्या गरजेस ५० ते ६० सी.सी.चे व्यावसायिक यंत्र उचित ठरते. त्यावर १८ इंची पाते बसविल्यास, दोन्ही बाजूंनी कापून, सुमारे तीन फूट व्यासापर्यंतचे खोड हाताळता येते.

या गटात जर्मनीची स्टिल व स्वीडनची हस्कवर्ना या कंपन्यांची यंत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. उदाहरणार्थ, स्टिलचे एम.एस. २६१ हे ५०.२ सी.सी.चे, तर हस्कवर्नाचे ५५० एक्स.पी. मार्क-२ हे ५०.१ सी.सी.चे आहे. दोहोंची शक्ती ३ किलोवॅट असून पाते व साखळी वगळता वजन अनुक्रमे सुमारे ४.९ व ५.३ किलो आहे. साठ सी.सी.च्या आसपासच्या यंत्रांत शक्ती साडेतीन किलोवॅटपर्यंत वाढते, पण वजनही अर्धा किलो वा त्याहून अधिक वाढते. केवळ सी.सी.चा आकडा मोठा म्हणून स्वस्त यंत्र घेणे मात्र फसवे ठरते. शक्ती किती किलोवॅट आणि वजन किती, हे दोन्ही एकत्र पाहावे.

खरी कसोटी

अशा तुल्यबळ यंत्रांतून निवड करताना माहितीपत्रकातील आकडे फारसे उपयोगी पडत नाहीत. पुढील प्रश्नांची उत्तरेच निर्णायक होत.

पहिला प्रश्न दुरुस्तीचा. साखळी, पाते, गाळणी व स्टार्टरची दोरी तालुक्याच्या ठिकाणी मिळते काय? इंधनाचे प्रमाण आपोआप जुळविणारा इलेक्ट्रॉनिक कार्बुरेटर सोयीचा खरा, परंतु त्यातील दोष शोधण्यास विक्रेत्याकडील खास उपकरण लागते. दुरुस्ती केंद्र दूर असेल, तर स्थानिक कारागिरास स्क्रूने जुळविता येणारा साधा कार्बुरेटर अधिक भरवशाचा.

दुसरा प्रश्न इंधनाचा. आज पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. यंत्रास ते चालते किंवा नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इथेनॉल ओलावा शोषते. त्यामुळे तेल मिसळलेले जुने पेट्रोल टाकीत राहिल्यास ऐन वादळात यंत्र सुरूच होत नाही. काम संपताच टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन यंत्र चालवून संपवावे आणि पावसाळ्यापूर्वी चाचणी घ्यावी.

तिसरा प्रश्न धारेचा. नारळाच्या खोडाचा बाहेरील भाग कठीण असतो आणि पडलेल्या झाडास मातीही लागलेली असते. त्यामुळे धार लवकर जाते. साखळीच्या मापाची कानस व ती चालविणारा माणूस गावातच हवा.

सुरक्षितता

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर करवत उलट उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. म्हणून चेन ब्रेक चालू स्थितीत असलाच पाहिजे. जाळीचे शिरस्त्राण, कानांचे आवरण, हातमोजे, जाड बूट व संरक्षक विजार ही खरेदी यंत्राबरोबरच व्हावी. विजारीतील तंतू साखळीत गुंतून ती थांबवितात. आडव्या झाडाच्या वाकलेल्या फांद्या ताणाखाली असतात आणि कापताच जोराने सुटतात. तारा गुंतलेल्या असल्यास महावितरणने वीज बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय झाडास हात लावू नये. शिरस्त्राण व विजार यांसाठी निधी उरत नसेल, तर यंत्राची खरेदीच पुढे ढकलावी.

निवड कशी करावी?

निविदेत कंपनीचे नाव न घालता शक्ती, वजन, सुरक्षा-सोयी, सुटे भाग व प्रशिक्षण यांच्या अटी नमूद कराव्यात. पात्र विक्रेत्यांना गावात बोलावून, पडलेल्या एकाच खोडावर यंत्रे चालवून पाहावीत. ती चालविण्यासाठी, पुढे प्रत्यक्ष हे काम करणार असलेल्या दोघा-तिघांनाच पुढे करावे आणि त्यांचे मत खरेदीच्या ठरावात नोंदवावे.