डच भाषेचा पहिला पाठ : अभिवादन आणि भाषेची विचारपूस

डच व्यापाऱ्यांनी १६३७ साली वेंगुर्ल्यात वखार उघडली. त्या वखारीचे भग्नावशेष आजही दिसतात. त्यांची भाषा मात्र आपल्याला अपरिचितच राहिली. नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग आणि दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम येथे ती राजभाषा आहे. उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे निघालेल्यांना उपयोगी पडावा, म्हणून हा प्राथमिक पाठ.

उच्चार : डच ‘ग’ घशात घासून, ‘ख’सारखा उच्चारतात. ‘तुम्ही’ या अर्थाचा ‘यू’ म्हणताना जीभ ‘ई’ची व ओठ ‘ऊ’चे ठेवावेत.

अभिवादन : सकाळी ‘खूदेमॉर्खेन’, दुपारी ‘खूदेमिडाख’, सायंकाळी ‘खूदेनाव्होंत’. भेटताना आणि निघतानाही ‘दाख’ चालते. ‘तोत झीन्स’ म्हणजे ‘पुन्हा भेटू’. ‘हू खात हेत मेत यू?’ म्हणजे ‘आपण कसे आहात?’ त्यावर उत्तर : ‘खूत, दांक यू’, अर्थात ‘बरा आहे, आभारी आहे’.

आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’प्रमाणे डचमध्ये ‘यै’ आणि ‘यू’ असा भेद आहे. अनोळखी प्रौढ व्यक्तीशी ‘यू’नेच आरंभ करावा, मग ती प्राध्यापक असो वा सफाई कामगार. समोरच्याने सुचविल्यावर ‘यै’ म्हणावे.

भाषेविषयी : ‘यू स्प्रेक्त नेदरलांत्स’ म्हणजे ‘तुम्ही डच बोलता’. क्रियापद आरंभी आणले की प्रश्न होतो : ‘स्प्रेक्त यू नेदरलांत्स?’ आपल्या ‘का’सारखा शब्द तेथे लागत नाही. ‘वेल्के ताल स्प्रेक्त यू?’ म्हणजे ‘आपण कोणती भाषा बोलता?’ उत्तर द्यावे : ‘इक स्प्रेक मराठी’.

नेदरलँड्समध्ये बहुतेकांना इंग्रजी येते. आपण अडखळलो की ते सौजन्याने इंग्रजीत बोलू लागतात आणि आपले शिकणे तेथेच थांबते. अशा वेळी संकोच न करता म्हणावे : ‘इक लेर नेदरलांत्स’, मी डच शिकत आहे. ‘इक बेख्रैप हेत नीत’, मला समजले नाही. ‘कुंत यू लांगझामर स्प्रेकन?’, आपण सावकाश बोलाल का? समजले नाही असे सांगण्यात कमीपणा नाही. वर्गात पुन्हा विचारणाराच विद्यार्थी पक्के शिकतो.

स्वाध्याय : दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने अभिवादन करून भाषा विचारावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे. मग भूमिका बदलाव्यात. आठवडाभर रोज हा सराव केल्यास ही वाक्ये तोंडी बसतील.