वीस पोरांचा शिधा

प्रश्न : आमच्या मंडळाची वीस मुलं शनिवार-रविवार राजमाचीला तंबूत राहणार आहेत. जेवणाचं कसं ठरवावं?

उत्तर : शनिवारी दुपारी घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. रात्री मुगाची खिचडी : माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 50 ग्रॅम डाळ, म्हणजे दोन किलो तांदूळ, एक किलो डाळ. तांदूळ-डाळ घरीच निवडून, मसाल्याची पुडी बांधून न्या. रविवारी सकाळी दीड किलोचे कांदेपोहे, चहाला दुधाची पावडर. दुपारी पिठलं-भाकरी तिथल्याच उधेवाडी गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवा. वीस जणांच्या भाकऱ्या थापत बसू नका. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे आधीच विचारा. उरलेली खिचडी सकाळी मात्र खाऊ नका.