दोन सुया आणि घाबरलेले मन

परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक समोर असते, पण डोळे एकाच ओळीवरून पुन्हापुन्हा फिरत राहतात. तळहातांना घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. अशा वेळी ‘घाबरू नकोस’ असे कोणी सांगितले म्हणून घाबरणे थांबत नाही. हातांना एखादे सोपे काम दिले, तर मात्र पुष्कळांना बरे वाटते. विणकाम हे असेच एक काम आहे. ते का उपयोगी पडत असावे, हे आधी पाहू आणि मग प्रत्यक्ष करून पाहू.

शरीरात काय घडते?

संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीराला इशारा देतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायूंना जास्त रक्त मिळते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलांचे वर्णन केले आहे. समोर वाघ आला, तर ही तयारी प्राण वाचवील. गणिताच्या पेपरपुढे मात्र लढताही येत नाही आणि पळताही येत नाही!

आता मनाकडे वळू. हाती घेतलेल्या कामापुरती माहिती आपण मनात धरून ठेवतो. या तात्पुरत्या साठ्याला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची रचना मांडली. तिच्यात जागा फार थोडी असते. ‘नापास झालो तर?’ हा विचार तेथे ठाण मांडून बसला, की गणिताच्या पायऱ्यांना जागा उरत नाही. टाके मोजणारे मन तीच जागा थोडी वापरते, म्हणून चिंतेला कमी जागा मिळत असावी. मात्र नमुना अवघड असेल, तर त्याचाच ताण येईल. म्हणून आपण सर्वांत सोपी वीण घेऊ.

करून पाहा : लोकरीचा चौकोन

साहित्य : ८ नंबरच्या (४ मिलिमीटर जाडीच्या) दोन सुया, मध्यम जाडीच्या लोकरीचा एक गुंडा, कात्री.

१. लोकरीची सरकफास करून ती सुईवर चढवा. हा पहिला टाका. मग धाग्याचा अंगठ्याभोवती वेढा घ्या, तो सुईवर सरकवा आणि हलकेच ओढा. असे एकूण ३० टाके घाला.

२. टाक्यांची सुई डाव्या हातात धरा. उजवी सुई पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला. धागा मागच्या बाजूला ठेवून तिच्या टोकाभोवती गुंडाळा. तो वेढा टाक्यातून पुढे ओढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. हा झाला सुलट टाका.

३. ओळ संपली, की सुयांची अदलाबदल करा आणि पुन्हा सर्व टाके सुलट विणा. दर दोन ओळींनी एक उठावदार रेघ दिसेल. अशा ३० रेघा, म्हणजे ६० ओळी झाल्या, की साधारण १४ ते १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होईल. त्यात १,८०० टाके असतील.

४. शेवटी दोन टाके विणा आणि पहिला टाका दुसऱ्यावरून उचलून सोडा. मग एकेक टाका विणत हेच करत जा. अखेरचा टाका उरला, की धागा कापून त्यातून ओढून घ्या.

असे नऊ चौकोन शिवून जोडले, तर उशीचा अभ्रा होईल. चौकोन बंद न करता ४८० ओळी विणल्या, तर मफलर!

आता मोजमाप

नवशिक्याचा टाका निसटतो आणि चिडचिड होते. म्हणून आधी काही दिवस हात बसू द्या. मग दहा दिवस हा प्रयोग करा. विषम तारखांना १५ मिनिटे विणा, सम तारखांना तेवढाच वेळ नुसते शांत बसा. दोन्ही वेळा आधी व नंतर एका मिनिटातील नाडीचे ठोके मोजा आणि मनातल्या चिंतेला ० ते १० पैकी गुण द्या. दोन्ही प्रकारच्या दिवसांची सरासरी काढून तुलना करा.

शांत बसण्याचे दिवस कशासाठी? १५ मिनिटांच्या विश्रांतीनेही बरे वाटू शकते. विणण्याने त्याहून अधिक काही मिळते का, हे तुलनेशिवाय कळणार नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अन्न टाळण्याच्या मानसिक आजारावर रुग्णालयात उपचार घेणाऱ्या ३८ स्त्रियांना विणकाम शिकवले गेले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींनी भीतीची तीव्रता कमी झाल्याचे सांगितले. २०१३ च्या एका पाहणीत ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणत, त्यांनी अधिक शांत वाटत असल्याचे नोंदवले. पण पहिल्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि दुसऱ्यात मुळात विणण्याची आवड असलेलेच लोक होते. म्हणून हे निष्कर्ष आशादायक असले, तरी अंतिम नव्हेत.

हातकामाचा उपचारात उपयोग मात्र जुना आहे. या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. भारतातील त्याचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. हे उपचार मुलग्यांसाठी वेगळे आणि मुलींसाठी वेगळे नसतात, तेव्हा मुलांनीही सुया हाती घ्यायला संकोच करू नये.

एक महत्त्वाची गोष्ट

विणकाम हा आधार आहे, औषध नव्हे. झोप उडणे, भूक मरणे, सतत रडू येणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवडे चालले, तर आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. जगू नये असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. शासनाच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे बोलायला पैसे पडत नाहीत. शिक्षकांनीही हा क्रमांक वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

पाय मोडला, तर आपण लपवत नाही. मनाचे दुखणेही लपवण्याजोगे नाही.