बारमाही सायकल

आपल्या हॉस्टेलच्या शेडमध्ये दोन प्रकारच्या सायकली असतात. पहिली जाड टायरची, पुढे सस्पेन्शन मिरवणारी, पण मडगार्ड नसलेली. ही जूनच्या पहिल्या सरीतच मालकाच्या पाठीवर चिखलाची सरळ रेघ ओढते. दुसरी, कोपऱ्यात गंजत पडलेली. माझी तिसऱ्या प्रकारची आहे, बाबांची 28 इंची काळी लोखंडी सायकल. पुण्यात रोज कॉलेजला यायला आणि सुट्टीत ताम्हिणी घाटातून घरी, माणगावला जायला ही एकच सायकल चालावी, ऊन असो की पाऊस, असं मी ठरवलं. अंतर 100 किलोमीटरच्या आसपास. जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. म्हणजे जाताना ब्रेकची परीक्षा आणि येताना गिअरची!

मी कॉन्व्हेंटमधली. फोर्कला 'चिमटा' आणि बॉल बेअरिंगला 'छर्रे' म्हणतात हे मला सायकलच्या दुकानातच कळलं. आता व्हायवातही तोंडात छर्रेच येतात, सरांनी सांभाळून घ्यावं.

आधी ब्रेक. जुन्या सायकलींना दांडीचे ब्रेक आणि क्रोम केलेली पोलादी रिम. कोरड्या रस्त्यावर हे चालून जातं. पण गुळगुळीत क्रोमवर पाण्याचा थर बसला की रबर नुसतं घसरत राहतं. आईने अट घातली होती, "आधी मला थांबून दाखव, मग घाटात जा." म्हणून मी हिशोब मांडला. वेग ताशी 25 किलोमीटर आणि 6 टक्के उतार. कोरड्यात ब्रेकने गुरुत्वत्वरणाच्या निम्मा अवरोध मिळतो असं धरलं, तर सायकल साधारण साडेपाच मीटरमध्ये थांबते. आता समजा, ओल्या रिमवर ब्रेकची पकड पावपट झाली. अंतर चौपट होईल असं वाटतं ना? नाही! उताराची ओढ तेवढीच राहते आणि उरलेल्या थोड्याशा पकडीतला निम्मा भाग तीच खाऊन टाकते. उत्तर येतं 38 मीटर. घाटातल्या वळणावर, समोरून एस.टी. येत असताना, 38 मीटर!

म्हणून पोलादी रिम काढल्या आणि ॲल्युमिनियमच्या 700 सी मापाच्या बसवल्या. पावसात यांचीही पकड कमी होते, पण पोलादापेक्षा खूपच बरी. नवी रिम त्रिज्येत साडेसहा मिलिमीटर लहान पडते, त्यामुळे लांब हातांचे कॅलिपर ब्रेक लागतात. पुढचा ब्रेक मडगार्डचा बोल्ट जातो त्याच भोकात बसला. उतार सुरू होण्याआधी ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, ही सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागते.

आता गिअर. मूळ सायकलला पुढे 44 दाते, मागे 18. पॅडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीला छान. पण मी, सायकल आणि सामान मिळून 90 किलो, चढ 6 टक्के आणि वेग ताशी 8 किलोमीटर धरला, तर नुसतं वर चढायलाच सुमारे 118 वॅट लागतात, आणि पॅडलवर सरासरी 27 किलोचा जोर, तोही मिनिटाला फक्त 24 फेऱ्यांच्या संथ गतीने. गुडघे कुरकुरणारच. पुढे 36 दाते आणि मागे 14 ते 28 चं फ्रीव्हील घातलं, की तोच चढ 14 किलोच्या जोरात, मिनिटाला 48 फेऱ्यांनी चढता येतो. वॅट तेवढेच, गुडघे मात्र वाचले. गंमत म्हणजे नव्या सायकलचा सगळ्यात जड गिअर म्हणजे जवळजवळ बाबांचा तो एकुलता एक गिअर. वर काही वाढवलंच नाही, सगळं खाली वाढवलं.

फ्रीव्हीलला जागा हवी म्हणून मागचा चिमटा थोडा पसरवावा लागला. फ्रेम लोखंडी म्हणून हे जमलं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कृपया करू नका, तडा जातो.

चाकाच्या तारांकडे सहसा कुणी बघत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक तार जमिनीजवळ आली की जराशी सैल होते, मग पुन्हा ताणली जाते. माणगावपर्यंत असं 46 हजार वेळा! फटीगचा धडा आठवा. जी तार आधीच ढिली असते तीच पहिली तुटते, आणि बहुतेक मागच्या चाकाचीच. म्हणून 36 तारांचं चाक घेतलं, आणि आऊट काढून झाल्यावर एकेक तार बोटाने छेडून पाहिली. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एकच यायला हवा. फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या, म्हणून त्यांचा सूर थोडा चढा असतो.

पाण्याचं म्हणाल तर ते सीटच्या नळीतून खाली उतरतं आणि पॅडलच्या ॲक्सलपाशी साठून छर्रे गंजवतं. तिथे फ्रेमच्या तळाला एक बारीक भोक पाडलं, झालं. मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या आणि पुढच्याला खाली रबरी झडप लावा, नाहीतर पुढचं चाक सगळा चिखल चेनवर फेकतं. बाटलीच्या आकाराचा डायनामो ओल्या टायरवर घसरतो, तेव्हा बॅटरीचा एलईडी दिवा बरा.

राहिली चेन. डिरेलर लावल्यामुळे जुनं बंद चेनकव्हर काढावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. आता भिजल्यावर दर वेळी पुसून तेल घालावं लागतं. चेन किती झिजली ते मोजायला वेगळं हत्यार नको. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्याच कड्या एक सोळांश इंचाने जास्त भरल्या की चेन बदला. एक अष्टमांशापर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात, आणि तो खर्च मेसच्या बिलासारखा महिनाअखेरीलाच येतो. इंचांची पट्टी नसेल तर माझी घेऊन जा, पण परत आणून द्या.