कॉलेज शोधणारी वेबसाइट : फिल्टर कसे लावावेत, सरासरी कशी काढावी?



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन पालक येतात. मागे एका मुलीचे वडील आले. हातात मोबाईल, त्यावर एका इंजिनिअरिंग कॉलेजचं पान उघडलेलं. म्हणाले, "सर, इथं सरासरी पॅकेज साडेसात लाख लिहिलंय. मग कर्ज काढायला हरकत नाही ना?" त्यांची पाच एकर जिरायत जमीन. कर्ज काढलं की ते चार वर्षांत संपणारं नव्हतं. म्हणजे 'साडेसात लाख' या एका आकड्यावर घराचा मोठा निर्णय उभा होता.

आजचा पाठ त्या आकड्याचा आहे. आकडा नुसता वाचायला शिकून भागणार नाही. म्हणून आपण उलट्या बाजूनं जाऊ. समजा, कॉलेजांची तुलना करणारी वेबसाइट तुम्हालाच बनवायची आहे. शोधासाठी फिल्टर कोणते ठेवाल? कॉलेजच्या आकड्याशेजारी तुलनेसाठी कोणती सरासरी दाखवाल? बनवणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की वाचणाऱ्याची फसगत कुठे होते ते आपोआप कळतं.

१) सरासरी की मध्यक?

समजण्यासाठी एक छोटी यादी घेऊ. एका वर्गातल्या १० मुलांना नोकऱ्या लागल्या. वार्षिक पगार लाखांत असे :

३, ३, ३, ३.५, ३.५, ४, ४, ४.५, ४.५, ४२

बेरीज ७५. भागिले १०. सरासरी ७.५ लाख. गणितात काहीच चूक नाही. पण यादी पुन्हा पाहा. साडेसात लाखांच्या आसपास पगार किती जणांना आहे? एकालाही नाही. नऊ जण साडेचार किंवा त्याच्या आत आहेत. एकाच मुलाच्या ४२ लाखांनी सगळ्यांची सरासरी वर ओढली.

आता मध्यक काढू. आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला आकडा म्हणजे मध्यक. इथं दहा आकडे आहेत, म्हणून पाचवा आणि सहावा घ्यायचा : ३.५ आणि ४. त्यांचा मध्य ३.७५ लाख. अर्धी मुलं याच्या खाली, अर्धी वर. कर्जाचा हप्ता ठरवताना उपयोगी पडतो तो हा आकडा. आणि तो सरासरीच्या बरोबर निम्मा आहे!

म्हणून वेबसाइट बनवताना पहिला नियम : पगार, फी, कर्ज अशा ठिकाणी मध्यक दाखवा. आपल्याकडच्या राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एन.आय.आर.एफ.मध्ये, इंजिनिअरिंग कॉलेजांकडून नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या पगाराचा मध्यकच मागितला जातो. ही व्यवस्था २०१५ मध्ये जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. कॉलेजच्या जाहिरातीत मात्र 'सर्वाधिक पॅकेज' आणि 'सरासरी पॅकेज' हेच दोन आकडे ठळक असतात. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

२) छेदात कोण आहे?

मध्यक आला म्हणजे काम झालं असं समजू नका. वरच्या वर्गात एकूण मुलं ६० होती आणि नोकरी फक्त १० जणांना लागली असेल तर? ३.७५ लाख हा आकडा त्या दहांचा आहे, साठांचा नाही. उरलेल्या ५० जणांत कोणी पुढे शिकायला गेलं असेल, कोणी घरी बसलं असेल. आकड्याला त्यांचा पत्ताच नाही.

म्हणून आकड्याशेजारी लहान अक्षरात का होईना, पण हे लिहायलाच हवं : '६० पैकी १० विद्यार्थ्यांची माहिती'.

यासाठी एक खरं उदाहरण बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाचं संकेतस्थळ आहे. ते २०१३ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी तिथल्या सरकारने कॉलेजांना दर्जा देण्याची, म्हणजे एक प्रकारे गुण देण्याची योजनाही जाहीर केली होती. कॉलेजांनी बराच विरोध केला. शेवटी २०१५ मध्ये नवीन रूपात जे स्कोअरकार्ड आलं त्यात गुण नव्हते, क्रमांक नव्हते. नुसती माहिती होती आणि ती ज्याने त्याने स्वतःच्या गरजेप्रमाणे गाळून घ्यायची होती.

त्यात दाखवलेला प्रसिद्ध आकडा म्हणजे कॉलेजात प्रवेश घेतल्यानंतर १० वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या कमाईचा मध्यक. पण तोही सगळ्यांचा नाही! ज्यांनी केंद्र सरकारची शैक्षणिक मदत किंवा कर्ज घेतलं, त्यांचीच माहिती सरकारकडे होती, म्हणून फक्त त्यांचा. घरच्या पैशांवर शिकलेली मुलं त्यात नाहीत. आकडा खोटा नाही, पण तो कोणाचा आहे हे कळल्याशिवाय वापरता येत नाही.

३) तुलनेची रेघ कुठे आखायची?

एखाद्या कॉलेजचा निकाल ६५ टक्के. चांगला की वाईट? एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. शेजारी तुलनेची रेघ लागते. ती काढताना गोंधळ कसा होतो बघा.

कॉलेज अ : ६० पैकी ५४ उत्तीर्ण, ९० टक्के
कॉलेज ब : १२० पैकी ९६ उत्तीर्ण, ८० टक्के
कॉलेज क : १०२० पैकी ५१० उत्तीर्ण, ५० टक्के

पहिली पद्धत : तीन टक्केवाऱ्यांची बेरीज २२०, भागिले ३, म्हणजे ७३.३ टक्के.
दुसरी पद्धत : एकूण उत्तीर्ण ६६०, एकूण विद्यार्थी १२००, म्हणजे ५५ टक्के.

आपलं ६५ टक्केवालं कॉलेज पहिल्या रेघेच्या खाली आहे आणि दुसऱ्या रेघेच्या वर! कोणती पद्धत बरोबर? दोन्ही. प्रश्न वेगळे आहेत. 'साधारण कॉलेज कसं आहे?' याचं उत्तर पहिली देते. 'साधारण विद्यार्थ्याचं काय होतं?' याचं उत्तर दुसरी देते. नुसतं 'राज्य सरासरी' असं लिहून मोकळं होणं, ही चूक. कशाची सरासरी, किती कॉलेजांची, कोणत्या वर्षाची, हे रेघेवर लिहा.

दुसरी गोष्ट, तुलना सारख्याशी सारख्याची हवी. दोन वर्षांचे अभ्यासक्रम आणि चार वर्षांची पदवी एकाच पिशवीत टाकून काढलेली सरासरी कोणाच्याच कामाची नाही. स्कोअरकार्डवर चार वर्षांच्या कॉलेजांसाठी वेगळा मधला आकडा दाखवतात, तो यासाठीच. आपल्याकडच्या कॅप फेरीचे कट-ऑफ घ्या. ते शाखेनुसार वेगळे, प्रवर्गानुसार वेगळे. सगळे एकत्र करून 'कॉलेजचा सरासरी कट-ऑफ' काढला तर तो ना कॉम्प्युटरला लागू पडेल, ना सिव्हिलला.

तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. फिल्टर बदलला की रेघ हलली पाहिजे का? पाच कॉलेजांचे निकाल ४०, ५०, ६०, ७०, ८०. मध्यक ६०. तुमचं कॉलेज ६० वर, म्हणजे बरोबर मध्यावर. आता कोणी '६० किंवा जास्त' असा फिल्टर लावला. उरले ६०, ७०, ८०. वेबसाइटने उरलेल्यांचाच मध्यक पुन्हा काढला तर तो ७०. तेच कॉलेज, तोच निकाल, पण आता पडद्यावर ते १० गुणांनी मागे! म्हणून रेघ त्या प्रकारच्या सगळ्या कॉलेजांवरून एकदाच काढावी आणि फिल्टरने तिला हात लावू नये.

४) फिल्टर : चाळणी आहे, पण भोकं कोणी पाडली?

फिल्टर म्हणजे चाळणी. वर राहिलेलं आपल्याला दिसतं, खाली पडलेलं दिसत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

रिकामी जागा. 'पगार ४ लाखांपेक्षा जास्त' अशी अट लावली. ज्या कॉलेजचा पगाराचा रकाना रिकामा आहे, त्याचं काय होतं? डेटाबेसच्या एस.क्यू.एल. भाषेत रिकामी नोंद '४ पेक्षा जास्त' या अटीत बसत नाही आणि '४ किंवा कमी' या अटीतही बसत नाही. दोन्ही याद्या जोडल्या तरी ते कॉलेज कुठेच नाही! नवीन कॉलेज, लहान कॉलेज असंच गायब होतं. स्कोअरकार्डमध्येही विद्यार्थी फार थोडे असतील तर कोणाची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. तो मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो, वाईट असतो म्हणून नव्हे. उपाय सोपा आहे : 'माहिती उपलब्ध नाही' असा वेगळा गट यादीच्या शेवटी दाखवा.

आणि रिकाम्या जागी शून्य तर कधीच धरू नका. ७०, ६०, रिकामं, ५०. शून्य धरलं तर सरासरी ४५. खरी सरासरी तीन कॉलेजांची, ६०.

काठावरचं कॉलेज. फी १ लाखाच्या आत अशी अट. १ लाख २ हजार फी असलेलं कॉलेज गेलं. दोन हजारांसाठी पालकांनी ते नक्कीच सोडलं नसतं. म्हणून काठाजवळची कॉलेजं 'थोडक्यात हुकलेली' म्हणून खाली दाखवा.

छापील फी आणि खरी फी. स्कोअरकार्डवर खर्च दाखवताना शिष्यवृत्ती वजा केलेला खर्च दाखवतात, तोही कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पाच गटांप्रमाणे. आपल्याकडे हे जास्तच गरजेचं आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. छापील फीवर फिल्टर लावलेल्या मुलीला परवडणारं कॉलेज दिसणारच नाही.

जिल्हा की अंतर? लोणंद सातारा जिल्ह्यात. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा. लोणंदच्या मुलीने 'जिल्हा : सातारा' निवडलं की नदीपलीकडची सगळी कॉलेजं गेली. एस.टी. काही जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. म्हणून 'घरापासून किती किलोमीटर' असा फिल्टर ठेवा.

'आणि' की 'किंवा'? एकाच गटातल्या दोन खुणा म्हणजे 'किंवा' : कॉम्प्युटर किंवा आयटी. वेगवेगळ्या गटांतल्या खुणा म्हणजे 'आणि' : कॉम्प्युटर किंवा आयटी, आणि वसतिगृह. आणि यादी रिकामी आली तर नुसतं 'काही सापडले नाही' म्हणू नका. 'वसतिगृहाची अट काढल्यास ६ कॉलेजं मिळतील' असं सांगा.

थोडक्यात

• पगार आणि फीसाठी मध्यक. सोबत किती जणांचा, तेही.
• तुलनेची रेघ सारख्या कॉलेजांची, नाव आणि वर्ष लिहिलेली, न हलणारी.
• रिकामी माहिती शून्य नव्हे आणि दोषही नव्हे.
• फिल्टरने काय गाळलं ते सांगणारी वेबसाइट चांगली.

आता त्या वडिलांचं. कर्ज काढा किंवा काढू नका, असं मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगणारा मी कोण? एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले : वर्गात एकूण मुलं किती? नोकरी किती जणांना लागली? त्यांच्या पगाराचा मध्यक किती? हे कोणत्या वर्षाचं? म्हटलं, "कॉलेजच्या ऑफिसात जा आणि उत्तरं लेखी मागा." चार दिवसांनी ते परत आले. तीन प्रश्नांना लेखी उत्तर मिळालं नव्हतं. ते हसून म्हणाले, "सर, उत्तर मिळालं की!"

स्वाध्याय

१. २.५, ३, ३, ३.५, ४, ५, २१ (लाख). सरासरी आणि मध्यक काढा. कोणता आकडा जाहिरातीत येईल?
२. तुमच्या तालुक्याच्या हद्दीपलीकडे, पण घरापासून जवळ असलेली शाळा-कॉलेजं नकाशावर शोधा.
३. स्प्रेडशीटमध्ये दहा कॉलेजांची यादी करा. दोन ठिकाणी फी रिकामी ठेवा. आधी '१ लाखांपेक्षा जास्त', मग '१ लाख किंवा कमी' असा फिल्टर लावा. दोन्ही वेळची कॉलेजं मोजा. दहा भरतात का?
४. कोणत्याही कॉलेजची जाहिरात घ्या. त्यातल्या एका आकड्याला वरचे चार प्रश्न विचारा आणि किती उत्तरं जाहिरातीतच सापडतात ते वहीत लिहा.

(पहिल्याचं उत्तर : सरासरी ६ लाख, मध्यक ३.५ लाख. दुसऱ्या भागाचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.)