दगडातील होकायंत्र
(उच्च प्राथमिक वर्गांसाठी विज्ञानाचा एक पाठ)

विषयप्रवेश : होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, असे वर्गात शिकविले जाते. “ती पूर्वीपासून उत्तरच दाखवीत होती काय?” असे एखाद्या चौकस मुलाने विचारल्यास त्यास गप्प बसवू नये. त्याच्या प्रश्नाचे उत्तर वाघोलीच्या दगडखाणींतील पाषाणात आहे.

विवेचन : हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. रस निवून ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, की हे कण त्या काळच्या भूचुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. सह्याद्रीच्या बहुतेक थरांत ही दिशा आजच्या उलट आढळते. महाबळेश्वरच्या माथ्यावरील थरांत मात्र ती आजच्यासारखी आहे. अर्थात हे थर साचत असतानाच भूचुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झाली.

गुहेतील गाळही अशीच नोंद ठेवतो. संथ पाण्यातील चुंबकीय कण तळाशी बसताना भूचुंबकत्वाच्या दिशेस वळतात व पुढे गाळात जखडले जातात. स्पेनमधील ग्रान दोलिना गुहेच्या गाळात सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे शेवटच्या अदलाबदलीची खूण मिळाली. तेथे १९९४ साली सापडलेले मानवी अवशेष त्या खुणेच्या खालच्या थरात होते; म्हणून ते तिच्याहून जुने ठरले.

प्रयोग : शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकाने एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासावी. पितळी थाळीतील पाण्यावर लहान पान तरंगत ठेवून त्यावर ती सुई ठेवावी. सुई उत्तर-दक्षिण स्थिर झाली, की कापडाच्या वातीने पाणी हळूहळू काढून घ्यावे. पान तळाशी टेकल्यावर थाळी फिरवावी. आता सुई थाळीबरोबर फिरते. पूर्वीच्या दिशेस परतत नाही. गाळातील कणांचेही असेच होते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

सूचना : मुलांस खाणीत नेऊ नये, दगडाचा तुकडा वर्गात आणावा. मात्र सुटा दगड ही साक्ष देऊ शकत नाही, हेही सांगावे. तो मूळ जागी कसा होता हे ठाऊक असावे लागते. म्हणून संशोधक नमुना काढण्यापूर्वी त्यावर दिशेची खूण करतात. खडी झालेल्या दगडाची ही नोंद वाचता येत नाही.

समारोप : फळ्यावरील वाक्यात एकच शब्द वाढवावा : “होकायंत्राची सुई आज उत्तर दाखविते.” त्या एका शब्दाने वाक्य खरे होते आणि मुलाच्या प्रश्नाचा मानही राहतो.